वजनाचे शिक्षण तराजूवर व्हावे

(वाशिम जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांना किलोग्रॅम व ग्रॅम यांत वजन मोजावयास कसे शिकवावे, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो एका तासिकेचा वाटतो. ‘एक किलोग्रॅम म्हणजे एक हजार ग्रॅम’ हे वाक्य फळ्यावर लिहावे, चार-सहा उदाहरणे सोडवून घ्यावीत आणि पुढील पाठाकडे वळावे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. मुले ते वाक्य पाठ करतात आणि परीक्षेत उत्तरही बरोबर लिहितात. मात्र त्यांतील एखाद्या मुलाच्या हाती गुळाचा खडा देऊन ‘हा किती भरेल?’ असे विचारले, तर तो शंभर ग्रॅम म्हणेल की पाच किलो म्हणेल, याचा भरवसा देता येत नाही. आकडा त्याच्या वहीत पोहोचलेला असतो. वजन त्याच्या हातापर्यंत पोहोचलेले नसते. हे अंतर कसे मिटवावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

काट्याचा जिल्हा

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन, तूर, कापूस आणि हरभरा यांवर येथील बहुसंख्य कुटुंबांचा संसार चालतो. नोकरदाराचे उत्पन्न बारा महिन्यांत विभागलेले असते. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल मात्र बाजार समितीच्या आवारात, काट्यावर, काही मिनिटांत ठरते. तो काटा वाचता येणे ही म्हणूनच या जिल्ह्यात चरितार्थाची विद्या आहे.

बाजारातील व्यवहार नियमांत बांधण्याच्या इतिहासात आपल्या कारंज्याला विशेष स्थान आहे, याची आठवण या ठिकाणी करून देणे उचित होईल. १८८६ साली, वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे असताना, त्या रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद घेतली जाते. त्या काळच्या राज्यकर्त्यांची दृष्टी मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा ही होती, हे खरे. तथापि शेतमालाचा व्यवहार उघड्यावर आणि नियमाने व्हावा, हे तत्त्व त्यातून रुजले. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि पुढे इतर प्रांतांनी त्याचा कित्ता गिरविला. ज्या भूमीत ही सुरुवात झाली, तेथील मुलाला आपल्या वडिलांच्या मालाचे वजन वाचता येऊ नये, हे आपणांस शोभणारे नाही.

शेर गेला, किलो आला

मेट्रिक पद्धती आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणत्या अडचणीवरचा उपाय म्हणून आली, याचा विसर पडला आहे. १९३९ च्या वजनविषयक कायद्याने तोळा, शेर व मण यांचे प्रमाण ठरवून दिले होते. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. तोळा म्हणजे चांदीच्या रुपयाएवढे वजन, आजच्या हिशेबाने सुमारे ११.६६ ग्रॅम, शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि मण सुमारे ३७ किलो ३२४ ग्रॅम. हे झाले कागदावरचे प्रमाण. व्यवहारात वजनी शेर वेगळा, मापी शेर वेगळा आणि एका पेठेतील मण दुसरीतील मणाशी जुळेल याची शाश्वती नाही, अशी स्थिती होती.

स्वातंत्र्यानंतर या गोंधळातून देशाने मार्ग काढला. भारतीय मानक संस्थेचे पहिले संचालक डॉ. लालचंद वर्मन यांनी मेट्रिक पद्धतीचा सातत्याने पुरस्कार केला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या वजने व मापे मानक कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत मेट्रिक वजने वापरात आली व १ एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतीत ती देशभर सक्तीची झाली. अवघ्या साडेतीन वर्षांत खेड्यापाड्यांतील दुकानांचे वजनाचे संच बदलले. आज या व्यवहारांचे नियमन २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्याने होते; तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला.

वजने बदलली तरी भाषा सावकाश बदलते. सराफाकडे आपण आजही तोळा म्हणतो. पण तो आता दहा ग्रॅमचा मानला जातो. भाजीच्या दुकानी ‘पाव’ म्हटले की २५० ग्रॅम मिळतात. शब्द तोच, वजन निराळे. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही कोष्टके पाठ करून घेत. ती कोष्टके आता मागे पडली. परंतु सव्वा, दीड, पावणेदोन आणि अडीच हे शब्द घरोघरी जिवंत आहेत. शाळेत मूल ‘१ किलो २५० ग्रॅम’ शिकते आणि घरी आजी ‘सव्वा किलो’ म्हणते. या दोहोंचा मेळ घालून देणे हे शिक्षकाचे पहिले काम होय. सव्वा म्हणजे १२५०, दीड म्हणजे १५००, पावणेदोन म्हणजे १७५० आणि अडीच म्हणजे २५०० ग्रॅम, हे मुलांकडून तोंडी आणि तराजूवर, दोन्ही प्रकारे करून घ्यावे.

एका शून्याची किंमत

मुलांची सर्वांत अधिक गफलत कोठे होते? ती दशांशचिन्हानंतरच्या शून्यात होते. ‘१ किलो ५० ग्रॅम’ हे दशांशात लिहावयास सांगितले की अनेक मुले १.५ असे लिहितात. वास्तविक ते १.०५० आहे; १.५ म्हणजे १ किलो ५०० ग्रॅम. हातातील ताजव्याचा जमाना होता तोवर ही चूक वहीपुरती राहत असे, कारण पारड्यातील वजने डोळ्यांना दिसत होती. आता दुकानोदुकानी इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. ते वजन दाखवीत नाहीत, आकडा दाखवितात. आणि तो आकडा दशांशात असतो.

हा दोष वहीबाहेर किती महाग पडतो, ते पाहावे. क्विंटल म्हणजे शंभर किलो. १२ क्विंटल ५ किलो सोयाबीन दशांशात १२.०५ क्विंटल होते, तर १२ क्विंटल ५० किलो म्हणजे १२.५० क्विंटल. दोहोंत ४५ किलोंचा फरक आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने सोयाबीनचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता, म्हणजे किलोला ४८ रुपये ९२ पैसे. त्या दराने ४५ किलोंचे २,२०१ रुपये ४० पैसे होतात. एका शून्याच्या जागेची ही किंमत आहे. हीच गोष्ट कडत्याची. क्विंटलमागे एक किलो ‘कडता’ म्हणून कापला गेला, तर वीस क्विंटलच्या मालावर वीस किलो जातात. त्याच दराने ९७८ रुपये ४० पैसे. वजनात अशी बेहिशेबी कपात होत असेल तर ती समजून येण्यासाठी आणि पावतीवरचा आकडा तपासण्यासाठी घरातील एकाला तरी हिशेब यावा लागतो. पुष्कळ घरांत तो ‘एक’ म्हणजे शाळेत जाणारे मूलच असते.

पैशापेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. नवजात बालकाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असले तर ते कमी वजनाचे मानतात. आता २.५ आणि २.०५ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पहिले बालक अडीच किलोचे आहे. दुसरे दोन किलो पन्नास ग्रॅमचे, म्हणजे तातडीने विशेष काळजी घ्यावी असे आहे. नोंदवहीत किंवा पोषण ट्रॅकरवर हे शून्य गळाले तर अशक्त बालक कागदावर सुदृढ ठरते आणि त्याला मिळावयाची मदत थांबते. उद्याच्या अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि माता आज आपल्याच वर्गात बसलेल्या आहेत. दशांशाचा पाठ त्यांना कशासाठी शिकवावयाचा, याचे याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

आधी हात, मग तराजू, शेवटी आकडा

शिकविण्याचा क्रम कोणता असावा? माझ्या मते तो चार पायऱ्यांचा असावा आणि त्यात घाई करू नये.

पहिली पायरी हातांची. मुलांनी दोन वस्तू दोन हातांत घेऊन जड कोणती व हलकी कोणती ते सांगावे. वस्तू निवडताना आकाराने मोठी पण हलकी आणि लहान पण जड अशा जोड्या घ्याव्यात. कापसाची उशी आणि नांगराचा फाळ, रिकामा डबा आणि दगडी वरवंटा. ‘मणभर कापूस जड की मणभर लोखंड?’ हे जुने कोडे याच वेळी घालावे. वस्तूने व्यापलेली जागा आणि तिचे वजन या भिन्न गोष्टी आहेत, हे मुलांना येथेच उमजले पाहिजे. पूर्वी धान्य शेर-पायलीच्या मापाने देत, तेव्हा मापाला शीग लावली की सपाट ठेवले यावर भांडणे होत. एकच माप ज्वारीने भरा आणि मग लाह्यांनी भरा. माप तेच, पण वजनात मोठे अंतर पडेल. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असे छापलेले असते, ते मुलांना वाचावयास लावावे. एक लिटर पाणी सुमारे एक किलो भरते, तेल मात्र त्याहून हलके. म्हणूनच ते पाण्यावर तरंगते.

दुसरी पायरी घरगुती तराजूची. एक सरळ काठी, सुतळी आणि सारख्या आकाराच्या दोन करवंट्या यांतून मुले स्वतः ताजवा बनवितात. प्रारंभी दांडी एका बाजूस झुकते. हलक्या बाजूस चिंचोका किंवा चिंधी बांधून ती समतोल केली की त्या बांधलेल्या वस्तूला ‘पासंग’ म्हणतात. ‘अमुक हा तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण सहज बोलतो; त्या शब्दाचा मूळ अर्थ मुलांना हातांनी कळेल. या तराजूवर एका गटाने पेरू खड्यांनी तोलावा, दुसऱ्याने तोच पेरू चिंचोक्यांनी. एक म्हणेल सात, दुसरा म्हणेल नव्वद. ‘मग खरे कोणाचे?’ हा प्रश्न मुलांनीच विचारू द्यावा. सर्वांचे एकच प्रमाण असावे, ही गरज अशी त्यांना स्वतःला भासली म्हणजे किलोग्रॅमचे स्वागत आपोआप होते.

तिसरी पायरी प्रमाणित वजनांची. आपल्याकडील वजने ५०, १००, २००, ५०० ग्रॅम, १, २, ५, १० किलो अशा क्रमाने असतात. वर्गात एक छाप असलेला संच आणावा आणि त्याच्याशी तोलून वाळूच्या पिशव्या मुलांकडून शिवून घ्याव्यात. ५० व १०० ग्रॅमची प्रत्येकी एक, २०० ग्रॅमच्या दोन आणि ५०० ग्रॅमची एक, अशा पाच पिशव्या पुरेत. एवढ्यांनी ५० ग्रॅमपासून १०५० ग्रॅमपर्यंत, पन्नासच्या पटीतील प्रत्येक वजन तोलता येते. साडेसातशे कसे कराल? नऊशे कसे? ही कोडी मुले खेळासारखी सोडवितात आणि बेरीज-वजाबाकी त्यातच होऊन जाते. लोखंडी वजनाच्या भोकात शिसे भरलेले असते व त्यावर शासकीय छाप मारलेला असतो, तोही त्यांना दाखवावा.

चौथी पायरी आकड्यांची. फळ्यावर तीन रकाने आखावेत: अंदाज, प्रत्यक्ष वजन आणि फरक. प्रत्येक मुलाने वस्तू हातात घेऊन आधी अंदाज लिहावा, मग ती तोलावी. आठ-दहा दिवसांत फरकाचा रकाना लहान होत जाईल. मुलाच्या हाताला किलोची ओळख पटल्याची तीच खूण. यानंतरच दशांशलेखन घ्यावे आणि ते तीन स्थळांनिशी घ्यावे: ५ ग्रॅम म्हणजे ०.००५, ५० ग्रॅम म्हणजे ०.०५० आणि ५०० ग्रॅम म्हणजे ०.५०० किलो. तीनही वजने पारड्यात आळीपाळीने ठेवून आकडे वाचून घेतले, तर शून्याची जागा चुकणार नाही.

वस्तुमान आणि वजन यांतील शास्त्रीय भेद वरच्या वर्गांत येतो. वस्तूत सामावलेले द्रव्य ते वस्तुमान, आणि पृथ्वी तिला ज्या बलाने ओढते ते वजन. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो. स्प्रिंगचा काटा ओढ मोजतो. लहान वर्गांत रूढ ‘वजन’ हाच शब्द वापरावा. शब्दाच्या काटेकोरपणासाठी अनुभव अडवून ठेवू नये.

काटाही तपासावा

मुलांना तोलावयास शिकवितो, तसेच तराजू तपासावयासही शिकविले पाहिजे. रिकामी पारडी समतोल असूनही दांडीच्या दोन बाजू असमान लांबीच्या असतील तर वजन चुकते. याची परीक्षा सोपी आहे. वस्तू आणि वजने यांची पारडी परस्पर बदलावीत. समतोल टिकला तर तराजू खरा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रथम शून्य आहे का ते पाहावे, मग छापाचे वजन ठेवून आकडा पडताळावा. पोत्यासह तोल झाला असेल तर बारदानाचे वजन वजा करून निव्वळ वजन काढावे. बंद पुड्यावर निव्वळ वजन छापणे बंधनकारक आहे. दोन पुड्यांची किंमत सारखी असली तरी त्यांतील ग्रॅम सारखे असतीलच असे नाही, हे शोधण्याचा गृहपाठ मुलांना अवश्य द्यावा.

दुकानातील किलो खरा कशावरून, असा प्रश्न एखादे चौकस मूल विचारील. त्याला सांगावे की, दुकानदाराचे वजन कार्यकारी मानकाशी, ते दुय्यम मानकाशी आणि दुय्यम हे संदर्भ मानकाशी पडताळले जाते. ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. तेथे भारताचा किलोग्रॅमचा राष्ट्रीय नमुना आहे. मूळ नमुना पॅरिसजवळ सेव्र येथे १८८९ पासून जतन केलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल होता. २० मे २०१९ पासून मात्र किलोग्रॅमची व्याख्या त्या धातूच्या तुकड्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर बसविण्यात आली आहे. गावच्या किराणा दुकानातील वजनाचे नाते असे साऱ्या जगाशी जोडलेले आहे.

पंचायतीने काय करावे

यासाठी मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेस एक दांडीचा तराजू, छापाच्या वजनांचा एक संच आणि शक्य तर एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला तरी काम भागते. ग्रामपंचायतींनी आपल्या आराखड्यात ही बाब घ्यावी. आणि हे साहित्य कपाटात कुलूपबंद राहता कामा नये. रंग न उडालेले वजन हे शाळेचे भूषण नव्हे.

तोलण्याचे प्रसंग तर शाळेत रोजचेच आहेत. पोषण आहारासाठी पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ, आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य व ३० ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. पहिली ते पाचवीत आज ६४ मुले हजर असतील तर ६ किलो ४०० ग्रॅम तांदूळ आणि १ किलो २८० ग्रॅम डाळ लागेल. हा हिशेब आळीपाळीने मुलांनीच करावा आणि शिजविण्यापूर्वीचा तोल त्यांच्या देखत व्हावा. यात गणित आहे आणि कारभाराचा उघडेपणाही आहे. पेरणीच्या दिवसांत बियाण्याचा हिशेब घ्यावा: सोयाबीनला हेक्टरी ७५ किलो, तर एकरी साधारण ३० किलो. युरियाची गोणी ४५ किलोंची आणि डीएपीची ५० किलोंची; मग दोन एकरांस किती, हे मूल वडिलांना सांगू लागेल. हंगामात एकदा वरच्या वर्गांना बाजार समितीत न्यावे, मापाडी कसा तोलतो ते पाहू द्यावे आणि शेतकऱ्याच्या पावतीवरील प्रत्येक आकडा वाचून घ्यावा.

निपुण भारत अभियानाने २०२१ पासून तिसरीपर्यंतच्या मुलांच्या पायाभूत अंकज्ञानावर भर दिला आहे. त्या अंकज्ञानाची खरी परीक्षा प्रश्नपत्रिकेवर नाही, काट्यासमोर आहे.

मित्रहो, तराजू हे न्यायाचे चिन्ह मानले जाते. परंतु न्याय तराजूत नसतो. तो वाचणाऱ्या डोळ्यांत असतो. वाशिमच्या प्रत्येक मुलाला तो डोळा मिळावा. चौथी उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने निदान पन्नास वस्तू स्वतःच्या हाताने तोललेल्या असाव्यात, एवढा संकल्प आपण येत्या शैक्षणिक वर्षासाठी करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.